शवपेटीतला असिस्टंट

सोमवार, ९ नोव्हेंबर. सकाळ.
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी मुलाखत घेतली तर तारखा आठवत बसायला नकोत.

'विधवेची जीप' या चित्रपटाचा मी सेकंड असिस्टंट डायरेक्टर आहे. आमचा प्रॉडक्शन मॅनेजर पॉलिकार्प मला 'ए कंटिन्युइटी' म्हणतो आणि डिझेल आणायला पाठवतो. कोणत्या शॉटमध्ये कोणाच्या कोणत्या हातात काय होते, याची नोंद म्हणजे कंटिन्युइटी. तो चित्रपटाचा कणा असतो. कण्याला डिझेल आणायला पाठवत नाहीत, असे मी त्याला शांतपणे सांगितले.

डिझेल आणले.

दिग्दर्शक ओगा (म्हणजे साहेब) बोनिफेस. अख्ख्या असाबा शहरात त्यांच्याइतका वेगाने चित्रपट संपवणारा माणूस नाही. स्क्रिप्ट ते डोक्यात ठेवतात, त्यामुळे ती हरवत नाही. रोज बदलते, एवढेच. निर्माते चीफसाहेबांचा गाड्यांचा धंदा आहे. त्यांची एकच अट: प्रत्येक सीनमध्ये जीप दिसली पाहिजे.

सोमवार, संध्याकाळ.
स्वयंपाकघराचा सीन. जीप दिसावी म्हणून ती मागे घेत घेत खिडकीला भिडवली. सगळा धूर आत. नायिका आंटी क्लॅरिबेल ओगबोनोच्या बियांचे कालवण ढवळता ढवळता इतक्या खोकल्या की डोळ्यांतून पाणी आले. ओगा म्हणाले, झकास, हिला आता छातीचा आजार देऊ. माझ्या नोंदीप्रमाणे कालच्या सीनमध्ये त्या चर्चमध्ये नाचल्या आहेत. हे ओगांच्या कानावर घातले. ते म्हणाले, बाळा, आजार हा माणसाला नाचल्यावरच होतो.

आईचा फोन. पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, घरात बैठक आहे. विषय मी.

बैठक फिडेलिसकाकांनी बोलावली आहे. बाबा गेल्यापासून घरात त्यांचे चालते. त्यांनीच मला शाळेतून काढून नदीपलीकडे ओनिचाला स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मालकांकडे ठेवले. वर्षे भरली की मालक चेल्याला दुकान थाटून देतात, तशी आमच्याकडची रीत. मी वर्षे भरायच्या आधीच पूल ओलांडून इकडे आलो. ज्याच्यात कला आहे त्याने बेअरिंगला ग्रीस किती दिवस लावायचे? काकांचे म्हणणे, मी परत जाऊन मालकांचे पाय धरावेत. सगळे नातेवाईक काकांच्या बाजूचे. एकटी आई माझ्या बाजूची. ती चर्चच्या बायकांना सांगते की माझा सोमा डायरेक्टर आहे, माणसं त्याच्या शब्दावर उठतात-बसतात.

ते खरेच आहे. फक्त पुरावा नाही. मागच्या चित्रपटात शेवटी नावे इतक्या जोरात पळाली की आईला चष्मा लावेपर्यंत पडदा काळा झाला.

संकल्प: बैठकीआधी पडद्यावर आपले नाव. ठळक. स्थिर.

बुधवार, ११ नोव्हेंबर.
कथेत आजपासून नवरा मेला. नवऱ्याचे काम करणारे सर लॅन्सलॉट गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एका चित्रपटात राजाचे काम करत आहेत आणि तिकडून त्यांना सोडत नाहीत. ओगा म्हणाले, राजे जिवंत राहू देत, आपण याला मारू.

मेला म्हणजे पोस्टर आले. फाटकावर मोठे रंगीत पोस्टर नाही, त्यावर हसरा फोटो नाही, मागे कोण कोण राहिले त्यांची नावे नाहीत, तर आमच्याकडे तो माणूस मेला यावर शेजारीसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत. पण सर लॅन्सलॉट फोटो द्यायला तयार होईनात. फोनवर म्हणाले, मरायचं असेल तर मरतो, पण भिंतीवर लागणार नाही. पॉलिकार्पला विचारले तर तो म्हणाला, माझी आई अजून जिवंत आहे. ड्रायव्हर तर नुसता उठून गेला.

मी हात वर केला.

ओगांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. म्हणाले, चेहरा बरा आहे रे तुझा, दुःखी आहे. नाव काय टाकायचे विचारले तर म्हणाले, काहीही टाक, पण खरं वाटलं पाहिजे.

मी बराच विचार केला. शेवटी पळणाऱ्या नावांना काही अर्थ नाही. पोस्टरवर मात्र कॅमेरा थांबतो. खोटे नाव टाकून एवढी जागा वाया कशाला घालवायची? माझे टाकले. गाव टाकले, जन्मतारीख टाकली. मागे राहिलेले: दुःखी माता उगोआडा, काका फिडेलिस आणि समस्त भाऊबंद. अंत्यविधी शनिवारी सकाळी दहाला, आणि पत्ता आमच्या शूटिंगच्या बंगल्याचा. छापखान्यातल्या पोराच्या मागे उभे राहून अक्षर न् अक्षर तपासले.

आईचेही नाव पडद्यावर येणार. तिला अजून सांगितलेले नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर.
पोस्टर आले. फार सुंदर. निळ्या आकाशात मी, बाजूला दोन कबुतरे.

छापखानेवाला थोडे छापून देत नाही, म्हणून गठ्ठा आला. फाटकापुरते ठेवून बाकीचे पॉलिकार्पने पोरांकरवी पुलाच्या तोंडापर्यंत चिकटवले. म्हणाला, फुकटची जाहिरात. यावर चित्रपटाचे नाव कुठेच नाही, मग जाहिरात कशाची, असे मी विचारले. तो म्हणाला, ए कंटिन्युइटी, आधी माणूस मरू तर दे, नाव नंतर ठेवू.

दुपारी डिझेल आणायला रिक्षाने गेलो. रस्ताभर मी. केळी विकणारी एक बाई माझ्यासमोर थांबली आणि छातीवर क्रॉस करून म्हणाली, देवा, कोवळं पोर. मी रिक्षात अंग चोरून बसलो. प्रसिद्धीची सवय हळूहळू होते.

आमच्या गावच्या बसेस सुटतात त्या थांब्याच्या टपरीवरही मी होतो. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत गावात बातमी. बघू देत भाऊबंदांना. शूटिंग आहे हे कोणाही समजूतदार माणसाला कळेल. माझे काम काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर.
काल एका चुंबनात पॉलिकार्पचाच फोन वाजला, म्हणून आज सर्वांचे फोन सकाळीच खोक्यात. संध्याकाळी परत मिळाला तेव्हा स्क्रीन भरलेली होती. आई, आई, काका, आई, चुलत भाऊ, आई, काका, एक अनोळखी नंबर, आई.

म्हणजे बैठकीचा दबाव सुरू झाला. आईलाही त्यांनी पढवले असणार.

चुलत भावाचा मेसेज होता: खरं आहे का? म्हणजे पोस्टर पाहिले. मी उत्तर दिले: खरं आहे. उद्या दहाला. सगळ्यांना घेऊन वेळेवर या. आले तर उत्तमच. डोळ्यांनी बघतील. त्यानंतर पुन्हा आईचा फोन वाजला, पण मी घेतला नाही. तिला उद्या शॉट झाल्यावर एकदमच सांगायचे आहे, की आई, मी नटही झालो. मग बॅटरी संपली आणि लाइट नव्हती.

संध्याकाळी आणखी एक प्रश्न निघाला. शवपेटी उघडी दाखवायची आहे. सर लॅन्सलॉटनी निरोप पाठवला की पेटीत फक्त त्यांचे बूट ठेवावेत. मी ओगांच्या लक्षात आणून दिले की पोस्टरवर माझा चेहरा असताना पेटीत दुसरा कोणी चालणारच नाही. ओगा म्हणाले, मग पड की तूच. कंटिन्युइटीचा हा विजय आहे.

संकल्प: श्वास पोटाने घ्यायचा, छातीने नाही. पापणी हलू द्यायची नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर. दुपार.
जे घडले ते क्रमाने लिहितो.

पेटी अंगणात मंडपाखाली. मी पांढऱ्या सुटात, हातमोजे, नाकात कापसाचे बोळे. मी आत पडण्यापूर्वी सीनसाठी आणलेल्या पास्टरने प्रार्थना केली की देवा, हे नाटक आहे हे लक्षात असू दे. जनरेटर मंडपाच्या मागेच घरघरत होता. डिझेल थोडेच उरले होते (आज आणायला मी मोकळा नव्हतो), म्हणून ओगांनी बजावले की टेक एकच मिळेल, आणि जो हलेल त्याला मी खरंच पुरीन.

पॉलिकार्पने ठरवलेल्या रडणाऱ्या बायका आल्या नव्हत्या. त्या एका खऱ्या मयताला गेल्या, तिथे जेवणासाठी गाय कापली होती. ओगा त्याच्यावर ओरडतच होते, तेवढ्यात फाटकाशी बस थांबल्याचा आवाज आला. मागोमाग बायकांचा हंबरडा. ओगा म्हणाले, आल्या बघ, आणि गाडीतूनच रडत आल्यात, याला म्हणतात कलाकार. कॅमेरा.

माझे डोळे मिटलेलेच होते. पण आवाज ओळखला.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट नोंदवायची आहे. टेक चालू झाला होता. चालू टेकमध्ये उठणे हा आमच्या धंद्यातला सर्वात मोठा गुन्हा आहे. डिझेल संपत होते. सर्व युनिटची मेहनत माझ्या एका पापणीवर उभी होती. शॉट संपला की उठून आईला मिठी मारायची, आणि मग सगळे हसतील, असा माझा अंदाज होता.

आई पेटीच्या काठावर आपटली. पेटी हलली, मी नाही हललो. आई म्हणाली, सोमा, ऊठ, बघ मी आलेय, अनवाणी आलेय. मागून फिडेलिसकाका म्हणाले, वहिनी, सावरा. तर ती त्यांच्यावर उलटली. म्हणाली, भावजी, तुम्ही बोलूच नका. माझं लेकरू शाळेत पहिलं यायचं, त्याला नेऊन तेलात बुडवलंत. तो पळाला नाही, तो मोठा व्हायला गेला. सगळे हसलात. माझा सोमा डायरेक्टर होता. शंभर माणसं त्याच्या एका शब्दावर उभी राहायची. तुमच्यातल्या एकाच्या तरी शब्दावर कुत्रं उठतं का?

 काकांना गप्प बसलेले मी जन्मात प्रथमच ऐकले.

ओगा हळू आवाजात कॅमेरामनला म्हणत होते, हिच्यावरून हलू नकोस, ही बाई सोनं आहे.

मग आई सांगत राहिली. मी लहानपणी रॉकेलच्या दिव्याखाली पुठ्ठ्याची माणसे नाचवायचो ते. मी पाठवलेल्या फोटोत ओगांच्या खुर्चीवर बसलो होतो, तो तिने फ्रेम करून दाराच्या वर लावला आहे ते. भाऊबंदांपैकी कोणीतरी हुंदका दिला. माझ्याविषयी इतके बोललेले मी कधी ऐकले नव्हते. टेक संपू नये असे वाटले. हे व्यावसायिक मत आहे.

मग तिने माझ्या गालावर हात ठेवला.

उन्हामुळे मला घाम आला होता. तिचा हात थांबला. रडणेही थांबले. हात तसाच गालावर राहिला, आणि अंगठा माझ्या पापणीवरून हलकेच फिरला, लहानपणी मी झोपल्याचे सोंग करायचो तेव्हा फिरायचा तसा. पापणी हलली.

हात निघाला.

ओगा म्हणाले, मावशी, थांबलात का, इतकं छान चाललं होतं.  मी एक डोळा उघडला तेव्हा आई उभी राहून लुगडे कमरेशी पुन्हा घट्ट करत होती. ती फाटकाकडे चालू लागली. काकांनी मला पाहिले आणि ते मंडपाच्या खांबाला धरून खाली बसले. बायका किंचाळल्या. एक बेशुद्ध पडली, तिचाही शॉट घेतला. चुलत भाऊ म्हणाला, तुझ्या फोनवरून उत्तर आलं तेव्हा वाटलं, फोन कोण्या मित्राकडे असेल.

मी उठून बसलो आणि ओगांना सांगितले की दुसरा टेक घ्यायचा तर आईच्या डोक्यावरचे फडके दुसऱ्या वाक्यानंतर खाली पडले होते, ते ध्यानात ठेवावे लागेल.

हे माझ्या तोंडून का निघाले ते माहीत नाही. सवयीने असावे.

बस निघून गेली. पॉलिकार्प माझ्याजवळ आला आणि नेहमीसारखे काहीतरी बोलेल असे वाटले. त्याने माझ्या नाकातला कापूस काढला आणि गेला.

रविवार, १५ नोव्हेंबर.
आईला फोन केला. उचलला नाही. आनंदाचा धक्का पचायला वेळ लागतो. मुलगा मेला म्हणून गेली, जिवंत सापडला. यापेक्षा चांगली बातमी कोणत्या आईला मिळते?

पुन्हा केला. बंद होता.

सोमवार, १६ नोव्हेंबर.
चीफसाहेबांनी शनिवारचे शूटिंग पाहिले. रडले. मग विचारले, जीप कुठाय?

जीप नव्हती. मंडपाच्या खांबामुळे आत येत नव्हती. चीफसाहेबांनी निक्षून सांगितले की तीच बाई, तेच रडणे, पण मागे जीप. ओगांनी मला बोलावून खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तू तिचा मुलगा आहेस, तुला नाही म्हणायची नाही. जीप घेऊन जा आणि घेऊन ये. मला कामासाठी जीप मिळाली, ड्रायव्हरसह. उद्या गावात जीपमधून उतरेन तेव्हा बाकी काही बोलायची गरजच पडणार नाही.

संकल्प: आईला आधी सरळ विचारायचे नाही. आधी तिच्या अभिनयाचे कौतुक. मग जीपमध्ये बसवून एक चक्कर. मग विषय.

मंगळवार, १७ नोव्हेंबर.
जीप भाऊबंदांनी वाड्याबाहेरच अडवली. ज्याच्यासाठी सगळे रडले त्याला थोरल्यांनी विधी केल्याशिवाय आत घेता येत नाही, असे म्हणाले. विधी कधी करणार ते कोणी सांगेना. एक म्हातारा म्हणाला, गाडी आत येऊ शकते, ती मेली नव्हती.

काका बाहेर आले. मी बैठकीचा विषय काढला. ते म्हणाले, बैठक कसली आता. मेलेल्या माणसाला दुकानात पाठवत नाहीत. म्हणजे बैठक रद्द. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते झाले. ओनिचाला परत जा असे यापुढे मला कोणी म्हणणार नाही. हा विजय धरायला हरकत नाही.

बऱ्याच वेळाने आई आली आणि फाटकाच्या आतच उभी राहिली. मी ठरवल्याप्रमाणे कौतुकापासून सुरुवात केली. म्हणालो, सगळे युनिट तुझ्यावर खूष आहे.

तिने विचारले, पहिल्यापासून ऐकलंस?

मी सांगितले की खरा नट ऐकतो, पण हलत नाही.

ती म्हणाली, मी तुझ्या काकांना बोलले, तेसुद्धा?

मी म्हणालो, ते तर सर्वात उत्तम झाले.

तिने मान हलवली. मग मी जीपकडे बोट करून विषय काढला, की तेच एकदा पुन्हा करायचे आहे, फार वेळ लागणार नाही. आई जीपकडे बघतही नव्हती. चिडली नव्हती. बाजारात माल संपल्यावर उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला सांगते, त्या आवाजात म्हणाली, तुझ्यासाठी जेवढं रडायचं होतं ते शनिवारी रडून झालं. आता दुसऱ्यांदा कुठून आणू?

मी म्हणालो, खोटे चालेल.

ती म्हणाली, ते तुला येतं.

ड्रायव्हरला तिने जेवायला वाढले, कुटलेला याम कंद आणि पालेभाजीचे कालवण. तो जीपच्या बॉनेटवर ताट ठेवून जेवला. मला वाढले नाही. विधी व्हायचा आहे म्हणून असावे. फाटकातून दाराच्या वरची भिंत दिसत होती. तिथे खिळा होता.

बुधवार, १८ नोव्हेंबर.
ओगांनी मार्ग काढला. आईचा शॉट आहे तसाच ठेवायचा आणि मधूनमधून एकट्या जीपचे शॉट लावायचे, म्हणजे जीपही दुःखी वाटेल. काचेवर पाणी मारून शॉट घेतला. वायपरचा वेग मी नोंदवला.

पोस्टरचा शॉट काढून टाकला. कथेत मेलेल्याचे नाव दुसरे आहे.

शुक्रवार, ४ डिसेंबर.
आज एडिटिंगच्या खोलीत. अंत्यविधीच्या सीनचा आवाज निरुपयोगी निघाला. जनरेटरशिवाय काही ऐकू येत नाही. आईचे तोंड हलते, फडके पडते, काका मान खाली घालतात, आणि सगळीकडे नुसते घर्र. मी एडिटरला म्हणालो की आवाज कमी-जास्त करून खाली काही सापडते का बघा. त्याने बघितले. काही नाही.

ओगा म्हणाले, मग डबिंग. बाई काय बोलली ते कोणाला आठवतं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. सर्वात जवळ मीच होतो.

मी दुपारभर बसून लिहिले. एक शब्द सोडला नाही. दोन कागद झाले. शुद्ध लिहिले.

ओगांनी ते उभ्याउभ्या वाचले. म्हणाले, छान आहे रे, पोटातून आलंय. पण हा डायरेक्टर कोण? आपला मेलेला तर जीप विकतो. त्यांनी पेन घेतले आणि खोडले. मावशींच्या आवाजाला दुसरे कोणी नव्हते म्हणून आंटी क्लॅरिबेलच बोलल्या. विधवा आणि सासू आता एकाच आवाजात रडतात. शेंगदाणे खाता खाता एका दमात त्यांनी म्हटले, माझा मुलगा जीप विकायचा, शंभर माणसं त्याच्या दुकानासमोर उभी राहायची, एकदा गाडी घेतली की दहा वर्षं बघायला नको.

आईच्या ओठांशी वाक्य जुळते की नाही ते तपासायचे काम माझे. पुन्हा पुन्हा लावून पाहिले.

जुळते.